भाजणी मिळाली, मराठी राहिली

शीजा भाजणी घेऊन आली आणि बरोबर तीच घेऊन आली. थालीपिठाची. चकलीची नाही, उपासाची तर नाहीच. अर्ध्या किलोची पुडी, वर दुकानाचा निळा शिक्का आणि पुडी उघडल्याबरोबर सगळ्या खोलीभर झालेला तो भाजलेल्या धण्या-डाळींचा खरपूस वास. वहीच्या पानावर तिनं ओळीनं लिहून आणलं होतं: तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे. खाली आणखी एक ओळ, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळायचं. रविवारच्या मराठीच्या वर्गात तिला दिलेलं काम नेमकं हेच होतं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरगुती पिठांच्या दुकानात जायचं, तिथल्या चार-पाच भाजण्यांतून आपल्याला हवी ती ओळखून आणायची आणि ती कशी करतात ते काकूंकडून काढून घ्यायचं. वर्गातल्या कोणालाच ते ठाऊक नव्हतं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून थालीपिठं लावायची होती. मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क देऊन मोकळी होणार, तेवढ्यात ती म्हणाली, "टीचर, मी मराठीत विचारलं. भाजणीमध्ये काय काय असते? त्या हिंदीत बोलल्या. चावल, बाजरा, चना दाल, सगळं. मी परत मराठीत विचारलं. त्या परत हिंदीत. आणि शेवटी काय बोलल्या माहीत आहे? आप कितना अच्छा मराठी बोलती हो."

वर्ग हसला. शीजाही हसली. माझ्या मात्र ते वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं.

त्या काकूंना मी ओळखते. अशा काकू नौपाड्यात गल्लोगल्ली आहेत. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, रांग तुंबू द्यायची नाही आणि समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा धंद्याचा आणि घरचाही संस्कार. परका हेल कानावर पडला की जीभ आपसूक वळते. त्यात कुणाला कमी लेखायचं नसतं, उलट अगत्यच असतं. पण त्या अगत्यानं माझ्या विद्यार्थिनीचा आठवडा वाया घालवला होता आणि गंमत म्हणजे काम शंभर टक्के फत्ते झालं होतं. भाजणी आली, कृती आली. भाषा तेवढी दुकानाच्या पायरीवरच राहिली.

आमचा हा वर्ग घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरतो. टेबल टेनिसच्या टेबलाची जाळी काढायची, भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढायच्या, झाला वर्ग. खिडकी उघडली तर मेट्रोच्या खांबांखालची धूळ आणि हॉर्न आत येतात, बंद केली तर पंख्याच्या घरघरीत कोणाचं काही ऐकू येत नाही. शीजा केरळची, ऐरोलीच्या एका रुग्णालयात नर्स. सुदीप्तो बंगाली, बँकेत अधिकारी, बदली होऊन आलेला. सेंथिल आयटीतला. आणि चौदाव्या मजल्यावरच्या कौरआंटी, ज्यांनी पहिल्याच दिवशी आपला हेतू स्वच्छ सांगितला होता: सून मराठी आहे, ती माहेरी फोनवर माझ्याबद्दल काय बोलते ते मला कळलं पाहिजे. भाषाशिक्षणावर लिहिणाऱ्यांमध्ये मायकेल लाँग नावाचे एक मोठे अभ्यासक होऊन गेले. शिकणाऱ्याला त्या भाषेत आयुष्यात नेमकं काय करायचं आहे ते आधी शोधा आणि अभ्यासक्रम तिथून सुरू करा, असा त्यांचा आग्रह होता. कौरआंटींना भेटले असते तर खूश झाले असते.

शाळेत मी अनेक वर्षं मराठी शिकवलं. स, ला, ते. स, ला, ना, ते. मुलं डुलत डुलत म्हणायची. तिथे ते चालून जायचं, कारण त्या मुलांना मराठी येतच होतं, आम्ही फक्त त्यांच्या खिशातल्या वस्तूंना नावं देत होतो. इथे खिसाच रिकामा. कौरआंटींना द्वितीयेचे प्रत्यय पाठ करून घेतले तर त्या करतील, नातवाला म्हणूनही दाखवतील आणि सुनेचा फोन जिथल्या तिथे राहील. म्हणून इथे मी कामं देते. मराठी शाळांमध्ये याला उपक्रम म्हणायची पद्धत आहे, पण उपक्रम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे कार्डबोर्ड, फेव्हिकॉल आणि चमकी येते. दहावीच्या भाषेच्या प्रश्नपत्रिकेचं नाव तर हल्ली कृतिपत्रिकाच आहे. तिथली कृती म्हणजे उताऱ्यातली चार वाक्यं उचलायची आणि चौकटीत बसवायची. त्याला कृती म्हणायचं असेल तर रेशनचा फॉर्म भरणं ही तपश्चर्याच म्हणायला हवी.

खरं काम कशाला म्हणायचं, हे ज्यांनी आपल्याकडे, आपल्यासारख्याच गच्च भरलेल्या वर्गांत बसून तपासलं, ते एन. एस. प्रभू. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासच्या काही साध्या शाळांमध्ये त्यांनी इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग चालवला. जगभरच्या भाषाशिक्षकांमध्ये तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणूनच ओळखला जातो. त्यांचं म्हणणं ऐकायला सोपं होतं, पचायला नाही. व्याकरण शिकवायला घेऊ नका. मुलाचं डोकं दुसऱ्याच कशात तरी, बोलण्याच्या अर्थामध्ये, कोड्यात, हिशेबात गुंतलेलं असू द्या, भाषा मागच्या दारानं आत येते. मग त्यांच्या वर्गात काय चालायचं? रेल्वेचं वेळापत्रक वाचून कुठली गाडी धरायची ते ठरवणं. नकाशावरून वाट काढणं. सूचना ऐकून आकृती काढणं. आधी सगळ्या वर्गाबरोबर शिक्षकानं एक काम तोंडी सोडवायचं, मग तसंच दुसरं ज्यानं त्यानं एकट्यानं. काम किती अवघड असावं, याचं त्यांचं मापही मला फार आवडतं. निम्म्या वर्गाला निम्मं तरी जमलं पाहिजे. म्हणजे निम्म्यांना जमणार नाही, हे गृहीतच. आपल्याकडच्या पालकसभेत हे वाक्य उच्चारून दाखवावं कोणी!

त्यांनी कामांचे तीन प्रकार सांगितले. एकाला माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही, ती पोचवायची. हाताशी माहिती आहे, पण त्यातून निष्कर्ष काढायचा आहे. आणि तिसरा, ज्यात बरोबर-चूक काही नाही, आपलं मत सांगायचं आहे. प्रभूंचा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे, डोकं चालवावं लागतं म्हणून. मी वर्गात ठाणे-वाशी लोकलचं वेळापत्रक आणते ते त्यांच्यावरूनच. शीजाची ड्यूटी सातला, रिक्षा स्टेशनपर्यंत अर्धा तास खाते, स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलावरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मकडे उतरायला आणखी थोडा, तर घरून निघायचं कधी? माझ्याकडच्या जुन्या तक्त्यात दिघा गाव स्टेशनच नाही, ते २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं. त्यावरून वर्गात अशी काही बाचाबाची झाली की सेंथिल आयुष्यात पहिल्यांदा 'पण तुम्ही चुकीचं बोलताय' हे वाक्य मराठीत बोलला. त्याला ते आपण बोललो हे कळलंसुद्धा नाही. मला हवं असतं ते हेच.

पण वेळापत्रक वर्गात असतं, आणि वर्गात मी असते. मी हिंदीत उत्तर देत नाही. बाहेर ठाणे शहर असतं.

त्या भाजणीनंतर मी एकदा सेंथिलबरोबर जांभळी नाक्याच्या बाजारात गेले, लांब उभी राहून बघायला. गणपतीला थोडे दिवस होते. कोपिनेश्वराच्या बाजूनं माणसांचा लोंढा, केळीच्या पानांचे भारे, ओल्या गोणपाटावर ओतलेली शेवंती, पायाखाली देठांचा चिखल. सेंथिलनं वाक्य घोकून आणलं होतं. पुढे झाला आणि अगदी स्वच्छ म्हणाला, "मावशी, ही शेवंती कशी दिली?" मावशीनं मान वर केली, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "पचास रुपया पाव." त्यानं पुन्हा मराठीत, "थोडी कमी करा ना." मावशी, "नहीं होता साब, माल महँगा है." तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. "ताई, या की. घ्या, तुम्हाला चाळीसला लावते." सेंथिलनं माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अपमान वगैरे काही नव्हतं, इंजिनिअरला कोडं सुटल्यावर होतो तसला आनंद होता. "टीचर, हिंदीत पन्नास, मराठीत चाळीस." त्या दिवसापासून मराठी शिकायचं त्याचं कारणच बदललं. आता तो बाजारात जातो तो निव्वळ दहा रुपयांच्या ईर्ष्येनं, आणि सलग तिसऱ्यांदा मराठीत बोलल्यावर समोरचा वळतो, असा त्याचा दावा आहे. पहिल्यांदा तो ऐकतच नाही म्हणे, दुसऱ्यांदा दचकतो, तिसऱ्यांदा वळतो.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा, २०२४ च्या ऑक्टोबरात, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे निरोप दिवसभर येत होते. त्याच ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी मराठी येत नसलेल्या कुणावर तरी तोंडसुख घेणंही चालतं. माझ्या वर्गात येणाऱ्यांपैकी काही जण हौसेनं येतात, काही भीतीनं, हे मला ठाऊक आहे आणि त्यातला दुसरा भाग मला आवडत नाही. रस्त्यात कॉलर धरून भाषा बोलायला लावता येते, शिकवता येत नाही. पण माझा खरा राग त्याहून बारीक आहे आणि तो आपल्याच माणसांवर आहे. समोरच्यानं मराठीचं वाक्य जुळवायला घेतलं की आपल्याला तीन सेकंद दम धरवत नाही. तो 'मला... एक...' म्हणेपर्यंत आपण 'हां हां, बोलो' करून मोकळे. मराठी आली नाही म्हणून चिडणारे आणि येऊ न देणारे बहुतेक वेळा एकाच घरात राहतात. कधी कधी एकच माणूस सकाळी हा असतो आणि संध्याकाळी तो.

शीजाचं म्हणाल तर तिला मराठी कळत नाही असं नाहीच. खूप कळतं. वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला कळणारं मराठी वेगळंच असतं, आणि त्या बाबतीत ती माझ्याही पुढे आहे. माणूस डॉक्टरांशी हिंदीत, नाहीतर मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतो, पण रात्री दोन वाजता नर्सला बोलावून 'पोटात कळ येतेय गं' असंच म्हणतो. कळ येते, चमक मारते, ठणका लागतो, ठसठसतं, जळजळतं, मळमळतं. शीजाला हे सगळं कानानं ओळखता येतं, आणि कळ म्हणणाऱ्याकडे आधी धावायचं की चमक म्हणणाऱ्याकडे, हेही. त्यावर मी वर्गात एक काम रचलं होतं. चार पेशंट, चार तक्रारी चिठ्ठ्यांवर, कोणाला आधी बघायचं आणि का? कारण मराठीत सांगायचं. बाकीच्यांची भंबेरी उडाली, शीजानं चुटकीसरशी क्रम लावला. मात्र 'का' आलं आणि गाडी अडली. पेशंटला ती आजवर हिंदीतच उत्तर देत आली आहे, पेशंट ते हिंदी समजून घेतो, आणि काम होतं.

कॅनडात इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकवायचा मोठा प्रयोग झाला. वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून मुलांची समज उत्तम झाली, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण मात्र लंगडंच राहिलं. मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये त्यावर बोट ठेवलं. नुसतं कळणं पुरत नाही, माणसाला बोलावं लागतं, नीट बोलण्यासाठी आतून रेटा यावा लागतो. निभावून जात असेल तोवर तो रेटा येत नाही. त्याच प्रकारच्या वर्गांतलं शिक्षकांचं बोलणं पुढे दोघा संशोधकांनी ध्वनिमुद्रित करून तपासलं, १९९७ मध्ये ते छापून आलं. शिक्षक चुका सुधारतात तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा काय करतात, तर मुलाचं चुकलेलं वाक्य हळूच दुरुस्त करून परत म्हणतात. आणि मुलं सगळ्यात कमी दाद देतात ती याच प्रकाराला. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आपल्याकडची प्रेमळ माणसं हेच करतात. शीजा म्हणते, "मी काल लवकर गेला." मी म्हणते, "अच्छा, लवकर गेलीस?" ती म्हणते, "हो, गेला." तिला वाटतं मी गप्पा मारतेय. मी खरंच मारत असते.

मग या आमच्या ठाण्यात रेटा आणायचा कुठून? भाजीवाले हिंदी, रिक्षावाले हिंदी, वॉचमन तर बिहारचाच. पाणीकपातीची नोटीस मराठीत असते, पण तिचा फोटो काढला की मोबाईल भाषांतर करून देतो. हिंदी ज्याच्या मदतीला येणार नाही असा माणूस शोधायला हवा होता, आणि तो लिफ्टसमोरच्या बाकावर रोज बसलेला होता.

बी विंगमधल्या आजी वाईजवळच्या गावच्या. मुलानं इथे फ्लॅट घेतला, आजोबा गेले, आजी आल्या. दुपारी सगळी सोसायटी ओस पडली की त्या खाली उतरतात आणि लिफ्टच्या दाराकडे तोंड करून बसतात, म्हणजे येणारं-जाणारं माणूस दिसतं. हिंदीचे त्यांना दोनच शब्द येतात, 'नहीं चाहिए', आणि ते पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवलेले. मी शीजाला काम दिलं: आजींच्या गावाकडे बाळंतिणीला काय काय खायला देतात ते विचारून ये, आणि तुझ्या घरी काय देतात ते त्यांना सांगून ये. दोघींमध्ये काय सारखं, काय वेगळं, आणि पटलं कोणाचं, एवढं वर्गात सांगायचं. मी जवळच्या खुर्चीत पेपर उघडून बसले, म्हणजे मी तिथे नाहीच.

आजींनी आधी उलटतपासणी घेतली. कुनाची गं तू, नवरा काय करतो, पोरं किती, इतक्या लांब आईबापानं धाडलं कसं. शीजा घामाघूम. मग आजी सुरू झाल्या. डिंकाचे लाडू, अळीव, मेथी, शेपूची भाजी, खसखशीची खीर, प्यायला कोमट पाणी. बोटांवर मोजत, तोंडात पान नसतानाही पान असल्यासारख्या. शीजा लिहीत होती, मध्ये मध्ये 'अळीव म्हणजे?' विचारत होती, आणि आजी वाटीत दोन बोटं बुडवल्याची नक्कल करून ते कसं फुगतं ते दाखवत होत्या. मग शीजाची पाळी आली. केरळात बाळंतिणीला छोट्या कांद्यांचं गोड लेह्य देतात, ते तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, "मला बाळ झालं तेव्हा माझी आई दिली."

आजी थांबल्या. "आई दिली?"

"हो. माझी आई दिली."

"कुनाला दिली?"

पेपरामागे मला हसू आवरेना. आजी चेष्टा करत नव्हत्या. आई देऊन टाकली असं त्या पोरीनं सांगितलं, तर ती कुणाला आणि का, हे विचारणं भागच होतं. त्यांच्या कपाळावर खरीखुरी काळजी उमटली होती. शीजा पुन्हा म्हणाली, "नाही, नाही, मला दिली. आई मला दिली." त्यानं घोटाळा वाढला. मग ती गप्प बसली. तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं, ती काहीतरी आत शोधतेय, गेल्या तीन महिन्यांत माझ्या तोंडून ऐकलेलं, वहीत कुठेतरी पडलेलं. "आईनं," ती म्हणाली, "माझ्या आईनं मला लेह्य दिलं. कांद्याचं. गोड." आजींच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली आणि त्या जागी भलतंच काहीतरी आलं. "आगं बया! कांद्याचं? आन् ग्वाड? बाळंतिणीला?" त्यानंतर अर्धा तास त्या एकाच विषयावर गेला. कांद्यानं बाळाच्या पोटात वात धरत नाही का, गूळ किती, तूप की खोबरेल. शीजाचं बोलणं चुकांनी भरलेलं होतं. पण 'आईनं' त्यानंतर एकदाही चुकलं नाही.

मी गेले तीन महिने हाच 'नं' शिकवायचा प्रयत्न करत होते. चित्रं, तक्ते, वाक्यं, सगळं करून झालं होतं. माझ्यापाशी एक अडचण आहे, ती अशी की मला समजतं. शीजा 'आई दिली' म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचंय ते मला अर्ध्या वाक्यात कळतं, आणि मी पुढे जाते. आजींना कळलं नाही. न कळण्याची ही जी सचोटी आहे ती शिक्षकाला आणता येत नाही, आव आणला तर शिकणारा लगेच ओळखतो. खरं सांगायचं तर त्या दुपारी थोडं वाईटही वाटलं. सगळी हयात ज्या कामात गेली ते बाकावरच्या बाईनं एका प्रश्नात करून टाकावं!

आता शीजा आठवड्यातून दोनदा तरी आजींपाशी बसते, मी सांगितलं नाही तरी. आजी तिला बीपीच्या गोळ्या दाखवून घेतात. आणि वर्गात एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. शीजा 'होय' म्हणत नाही, 'व्हय' म्हणते. 'नाही'चं 'न्हाई' झालंय, 'आमच्याकडे'चं 'आमच्याकडं'. परवा कौरआंटींना ती म्हणाली, "तुमास्नी ठावं न्हाई व्हय?" आणि कौरआंटी माझ्याकडे बघायला लागल्या, हे पुस्तकात कुठे आहे म्हणून. नौपाड्यातली माझी एक जुनी सहकारी वर्गात डोकावली होती, ती बाहेर जाताना कुजबुजली, "हे काय शिकवतेस तू?" ओठावर उत्तर आलं होतं, दिलं नाही. कारण माझ्याही आत कुठेतरी ती नौपाड्यातली बाई बसलेली आहे, जिला केरळच्या मुलीनं 'न्हाई' म्हटलेलं आधी खटकतं आणि मग आपल्याला ते का खटकलं, हे खटकतं. रुग्णालयात मात्र शीजाचं मराठी फार चालतं म्हणे. पाटण-कराडकडून आलेला एक म्हातारा पेशंट तिला विचारत होता, "सिस्टर, तुमचं गाव आमच्याकडचंच का?" ळचा उच्चार तर तिचा पहिल्यापासून खणखणीत, मल्याळम बोलणारी असल्यानं.

थालीपिठांचा रविवार यथासांग पार पडला, फार काही सांगण्यासारखं नाही. शीजा कृती सांगत होती, बाकीचे थापत होते, पहिली दोन तव्याला चिकटली, सेंथिलनं मधलं भोक पाडायला कंपास आणला होता आणि कौरआंटींनी कुणाचं न ऐकता वर भरपूर लोणी घातलं. हिंदी बरीच झाली. मी कान बंद करून घेतले.

राहता राहिला सुदीप्तो. त्याला आजी देऊन उपयोग नव्हता, तो दिवसभर बँकेत. त्याच्यासाठी काम त्याच्याच काउंटरवर होतं. नोव्हेंबर लागला की पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी झुंबड उडते. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला ठाण्यातली निम्मी म्हातारी मंडळी सकाळी साडेनऊला शटरबाहेर उभी असतात. मी म्हटलं, रोज एका माणसाशी सगळं बोलणं मराठीत करायचं. तो हिंदीवर आला तर सांगायचं, "काका, मराठीत बोला, मला शिकायचंय." बोटाचा ठसा उमटत नसेल तर काय करायचं ते समजावून सांगायचं, आणि त्या माणसाची एक तरी अडचण ऐकून, लिहून आणायची. पहिले दोन दिवस तो हात हलवत आला. सगळे 'अरे वा' म्हणतात आणि हिंदीतच बोलतात. तिसऱ्या दिवशी त्याला एक निवृत्त एसटी कंडक्टर भेटले. सुदीप्तोनं वाक्य टाकलं, आणि ते काका म्हणाले, "बरं झालं बुवा, मला तरी कुठे धड हिंदी येते." मग त्यांनी ठसा का उमटत नाही यापासून सुरुवात केली, चाळीस वर्षं तिकिटं पंच केल्यानं बोटं कशी गुळगुळीत झाली तिथे आले, तिथून भिवंडी-वाडा रस्ता, मग थकबाकी, मग मुलगा. सुदीप्तो लिहीत गेला. त्याच्या वहीत त्या दिवशीची दोन पानं भरलेली आहेत, इतकी गिचमिड की त्याची त्यालाच लागत नाही.

रविवारी त्यानं ती पानं वर्गात वाचून दाखवली. शेवटच्या ओळीवर अडखळला. म्हणाला, ही काका नाही बोलले, मागच्या रांगेतून कोणीतरी जोरात ओरडलं, सगळे हसले, मी ऐकलं तसं लिहिलं. वाचायला लागला: "अहो साहेब, आटपा की, इथे काय सत्यनारायण घातलाय?" त्याचं म्हणणं, सत्यनारायण त्याला माहीत आहे, बंगालात सत्यनारायणाचा सिन्नी नावाचा प्रसाद असतो, पण बँकेत तो कधी होता हे त्यानं मॅनेजरना विचारलं तर तेही हसले.

मी सांगायला तोंड उघडलं, तर शीजा आधीच बोलून गेली होती. "रागावला तो. लवकर करा म्हणाला. आमच्या आजी पण असंच म्हणतात, लिफ्ट उशिरा आली की."